एक कोटी हरवले, अशी तक्रार

एप्रिल १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांच्या हाती एक निवेदन पडलं. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या कॅथलिकांपैकी आणि त्यांच्या मुलाबाळांपैकी एक कोटीहून जास्त माणसं चर्चला अंतरली, अशी त्यात तक्रार होती. जूनमध्ये दुसरं निवेदन गेलं. त्यात हिशेबच मांडला होता. संयुक्त संस्थानांत एव्हाना २ कोटी ६० लाख कॅथलिक असायला हवे होते, आहेत जेमतेम एक कोटीच्या वर, म्हणजे तूट १ कोटी ६० लाखांची.

निवेदनांमागचा माणूस होता पीटर पॉल काहेन्सली, जर्मनीतल्या लिंबुर्गचा व्यापारी. तरुणपणी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात काम करताना त्याने बोटीची वाट पाहणारी माणसं पाहिली होती. दलालांनी नाडलेली, भाषा न कळणारी, पुढे काय वाढून ठेवलं आहे याची कल्पना नसलेली. त्यांच्यासाठी १८७१ मध्ये सेंट राफाएल संघ उभा राहिला, तो मुख्यतः त्याच्या खटपटीने. डिसेंबर १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न गावी निरनिराळ्या देशांतले असे संघ एकत्र आले आणि पहिल्या निवेदनाचा मसुदा तिथे ठरला. मागण्या सरळ होत्या. अमेरिकेत प्रत्येक भाषागटाला आपला धर्मग्राम, आपल्या भाषेतला धर्मगुरू, आपली शाळा मिळावी आणि बिशपांच्या मंडळात प्रतिनिधीही असावा. बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स आणि सेंट पॉलचे आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी कडाडून विरोध केला. बिशप भाषेच्या हिशेबाने नेमायला रोमने त्याच उन्हाळ्यात नकार दिला, आणि ती मागणी रोमपुरती तिथेच संपली.

आकडा मात्र संपला नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं तो अमेरिकेतल्या कॅथलिकांच्या मनात सलत राहिला, आणि प्रॉटेस्टंट वर्तमानपत्रांनाही आयता मिळाला. मला तो पुन्हा तपासावासा वाटतो, कारण स्थलांतराने धर्म सुटतो की टिकतो हा प्रश्न आजही त्याच घाईने विचारला जातो आणि त्याच घाईने त्याचं उत्तरही दिलं जातं.

तपासायचा कसा, हीच पहिली अडचण. आपल्याकडे १८७२ पासून खानेसुमारीत माणशी धर्म विचारला जातो, त्यामुळे जनगणना आणि धर्माचा रकाना ही जोडी आपल्याला स्वाभाविक वाटते. अमेरिकेच्या दशवार्षिक जनगणनेने माणसाला त्याचा धर्म कधीच विचारलेला नाही. बंदरावरच्या कागदांतही तो नाही. १८१९ च्या कायद्याने बोटीच्या कप्तानावर उतारूंची यादी देण्याची सक्ती आली आणि १८२० पासून या याद्या भरू लागल्या. त्यांत वय, स्त्री की पुरुष, धंदा, देश असं सगळं आहे, धर्म तेवढा नाही. म्हणजे किती कॅथलिक उतरले हे सांगणारा एकही थेट कागद नाही. उरतात बिशपांची पत्रं, कॅथलिकांची वार्षिक सूची, आणि सरकारने माणसांऐवजी चर्चची केलेली मोजदाद. या तिन्हींवरून वाट काढावी लागते.

सुरुवातीचा कागद मोठा मोलाचा आहे. १ मार्च १७८५ रोजी जॉन कॅरल या धर्मगुरूने रोमला अहवाल पाठवला. मेरीलँडमध्ये सुमारे १५,८००, पेन्सिल्व्हेनियात निदान ७,०००, न्यूयॉर्कमध्ये निदान १,५००, व्हर्जिनियात २०० हून अधिक नाहीत. बेरीज २४,५००. मेरीलँडचा आकडा त्याने फोडूनही दिला आहे: बारा वर्षांवरचे स्वतंत्र लोक ९,०००, मुलं सुमारे ३,०००, आणि जवळपास तितकेच काळे गुलाम. देशातल्या कॅथलिकांत आठांतला एक माणूस गुलाम होता, हे या एका ओळीवरून कळतं. पुढे कॅथलिकांचा इतिहास आयरिश आणि जर्मन म्हणूनच सांगितला गेला आणि हे तीन हजार त्यातून गळले. धर्मगुरू मेरीलँडमध्ये १९, पेन्सिल्व्हेनियात ५. पश्चिमेकडे विखुरलेल्या, धर्मगुरू न भेटलेल्या लोकांचा कॅरल उल्लेख करतो, पण त्यांना आकडा लावत नाही. मला हा कागद विश्वासाचा वाटतो तो याचसाठी. चारच वर्षांनी कॅरल देशातला पहिला बिशप झाला.

१७९० च्या पहिल्या जनगणनेत देशाची वस्ती ३९ लाख भरली. म्हणजे कॅथलिक शंभरात एकही नव्हते.

आता १८३६ चं पत्र पाहा. चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी फ्रान्समधल्या लियाँच्या धर्मप्रसार संस्थेला कळवलं की गळती झाली नसती तर देशात पन्नास लाख कॅथलिक असते, आणि आहेत साडेबारा लाखांहूनही कमी. मोठ्या तुटीचा बोभाटा बहुधा या पत्रापासून सुरू झाला. पत्र कोणाला लिहिलं आहे हे विसरता येत नाही. ही संस्था मिशनांना पैसा पुरवत असे आणि इंग्लंड यांचा धर्मप्रांत गरीब होता. त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. हजारो मैलांच्या मुलखात मूठभर धर्मगुरू घेऊन हिंडणाऱ्या माणसाला आपली माणसं हातातून निसटताना दिसत होतीच. पण आकडा पाहा. १८३० मध्ये देशाची सारी वस्ती १ कोटी २८ लाख होती. १८२० ते १८४० या काळात सगळ्या देशांतून, सगळ्या धर्मांचे मिळून, बंदरांवर नोंदले गेलेले लोक साडेसात लाख. कॅरलच्या पंचवीस हजारांत कितीही संततीवाढ धरली आणि बोटींवरचा प्रत्येक माणूस कॅथलिक मानला, तरी पन्नास लाखांच्या जवळपासही पोचता येत नाही. जे आलेच नव्हते, ते हरवले कसे?

खरी लाट त्यानंतर आली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं. १८४१ ते १८५० या दशकात आयर्लंडहून ७ लाख ८० हजार लोक उतरले, पुढच्या दशकात ९ लाख १४ हजार, आणि त्याच पुढच्या दशकात जर्मनीहून ९ लाख ५१ हजार.

चर्चच्या मोजदादीकडे आता वळतो, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथे आहे. १८५०, १८६० आणि १८७० मध्ये सरकारने देवळांच्या इमारती, त्यांची किंमत आणि बसायच्या जागा मोजल्या. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जागांवरून मंडळीचा थोडाफार अंदाज येतो. कॅथलिक चर्चमध्ये रविवारी त्याच बाकांवर एकापाठोपाठ तीन-चार मिस्सा होतात. एका जागेवर सकाळपासून दुपारपर्यंत तीन-चार माणसं बसून जातात आणि कागदावर ती एकच दिसते.

१८९० पासून सभासद मोजायला सुरुवात झाली, आणि नवा प्रश्न उभा राहिला: सभासद कोण? कॅथलिकांत पाळण्यातल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला की ते सभासद. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन घेणारी जाणती माणसंच मोजली जात. म्हणजे पाच जणांचं कॅथलिक कुटुंब पाच भरे, आणि शेजारचं पाच जणांचं बाप्टिस्ट कुटुंब दोन. १९०६ च्या मोजणीत अधिकाऱ्यांनी यावर तोड काढली. कॅथलिक चर्चकडून आलेला आकडा होता १,४२,१०,७५५. त्यातून नऊ वर्षांखालची मुलं म्हणून सरसकट १५ टक्के वजा केले आणि १,२०,७९,१४२ हा आकडा छापला. गुणाकार करून पाहिला तर शेवटच्या अंकापर्यंत जुळतो. देशभरातल्या हजारो धर्मग्रामांच्या बेरजेवर एकच गुणक फिरवला होता. पुढच्या, १९१६ च्या मोजणीत ही वजावट सोडून दिली. त्यामुळे १९०६ चा छापील आकडा घेऊन पुढे मोजणाऱ्याला दहा वर्षांत ३६ लाखांची भरभराट दिसते. मूळ आकडा घेणाऱ्याला पंधरा लाखांची दिसते. दोघांसमोर सरकारी कागदच असतो.

हे सगळं बाजूला ठेवूनही एक गोष्ट निश्चित कळते. १९०६ मध्ये, वजावट करूनही, देशातल्या एकूण चर्चसभासदांत कॅथलिक एक-तृतीयांशाहून जास्त होते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते शंभरात एक नव्हते. एवढा बदल प्रॉटेस्टंट माणसं कॅथलिक होऊन झालेला नाही. तो बोटींनी केला.

१९२५ मध्ये जेरल्ड शॉनेसी या मॅरिस्ट धर्मगुरूने वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातला आपला प्रबंध छापला. स्थलांतरिताने श्रद्धा राखली का, हाच त्याच्या शीर्षकातला प्रश्न. काहेन्सलीच्या आकड्याला कागदावर नीट पकडलं ते इथे. शॉनेसींची रीत जमाखर्चाची आहे. १७९० मध्ये ३५,००० कॅथलिक धरायचे, म्हणजे कॅरलच्या बेरजेत विखुरलेल्यांची भर घालायची. मग दर दशकाला जन्म-मृत्यूची निव्वळ वाढ, परत गेलेले वजा करून उरलेले स्थलांतरित, आणि धर्मांतर करून आलेले, असे तीन जमेचे रकाने. त्यांच्या हिशेबाने १८४० मध्ये ६ लाख ६३ हजार, १८५० मध्ये १६ लाख ६ हजार, १८६० मध्ये ३१ लाख, १८९० मध्ये ८९ लाख, १९२० मध्ये १ कोटी ९८ लाख. निष्कर्ष असा की असायला हवे होते त्याच्या आसपासच लोक आहेत, मोठी गळती झालेलीच नाही.

काहेन्सलीच्या निवेदनाचा या प्रबंधाने निकाल लावला, असं मी मानतो. १८९० मध्ये सारा देश सव्वासहा कोटींचा होता. २ कोटी ६० लाख कॅथलिक म्हणजे पाचांत दोन माणसं, आणि तितकी मूळ रोपं कोणत्याच बोटीतून उतरलेली नाहीत. तरीही शॉनेसींचं सगळं मी स्वीकारत नाही. त्यांचे १८५० चे सोळा लाख पुढच्या अभ्यासकांना जास्त वाटले. रॉजर फिंक आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी बाकांच्या मोजणीवरून सुमारे ११ लाखांचा अंदाज केला. त्याहून मोठा दोष गृहीतकात आहे. येणाऱ्यांत कॅथलिक किती हे ठरवताना शॉनेसींना मायदेशातल्या प्रमाणाचा आधार घ्यावा लागला. निघणारी माणसं मायदेशाचा नमुना असतात, हे यात गृहीत आहे.

ती तशी नसतात. आयर्लंडमधून अठराव्या शतकात अमेरिकेत गेलेले बहुसंख्य लोक उत्तरेकडच्या अल्स्टरचे प्रेस्बिटेरियन होते. विसाव्या शतकातल्या पाहण्यांत आपलं मूळ आयरिश सांगणाऱ्या अमेरिकनांत कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंट जास्त भरले, तेव्हा अनेकांना त्यात कॅथलिकांच्या धर्मांतराचा पुरावा दिसला. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज कॅथलिक कधी नव्हतेच. आपल्याजवळचं उदाहरण घ्यायचं तर २०११ च्या जनगणनेत भारतात ख्रिस्ती २.३ टक्के. प्यू संशोधन केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या भारतीयांत ख्रिस्ती १८ टक्के. शॉनेसींचं गणित लावलं तर अमेरिकेत भारतीयांचं घाऊक धर्मांतर झालं असं निघेल. पण केरळातून गेलेल्या परिचारिका आणि त्यांची कुटुंबं ज्याने पाहिली आहेत, त्याला या अठरा टक्क्यांचा बराचसा उलगडा त्यांच्या घरच्या वेदीपाशीच होतो. ही माणसं जाताना ख्रिस्तीच होती.

गळती मोठी नव्हती हे मान्य केलं, तर ती का नव्हती? माझ्या मते याचं उत्तर काहेन्सलीच्या मागण्यांतच आहे. रोमने भाषावार बिशप नाकारले, भाषावार धर्मग्राम मात्र अमेरिकेत होते आणि वाढत होते. मिस्सा सगळीकडे लॅटिनमध्येच होई. पण प्रवचन, पापनिवेदन, लहान मुलांची धर्मशिक्षणाची शिकवणी आणि मरणाच्या वेळचे शब्द पोलिश माणसाला पोलिशमध्ये हवे होते, जर्मनाला जर्मनमध्ये. १९०६ आणि १९१६ च्या मोजण्यांत उपासनेची भाषा विचारली होती. १९१६ मध्ये जवळपास निम्मे कॅथलिक अशा धर्मग्रामांत होते, जिथे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरात होती. हा आकडा मला सभासदांच्या आकड्याहून जास्त बोलका वाटतो. चर्च ही नव्या शहरातली अशी एक जागा होती, जिथे आईची बोली चालत होती.

ती जागा मिळाली नाही तिथे माणसं तुटली, पण प्रॉटेस्टंट झाली असंही नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या कोळशाच्या पट्ट्यात, स्क्रँटन गावी, १८९७ मध्ये फ्रान्सिस होदुर या धर्मगुरूच्या मागे पोलिश खाणकामगारांनी वेगळा धर्मग्राम थाटला. आपल्या पैशाने बांधलेल्या चर्चची मालकी कोणाकडे आणि कारभार कोणाच्या हाती, हा वाद होता. त्यातून पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च निघालं. मिस्सा तीच, संत तेच, आणि रोमशी नातं तुटलेलं. सरकारी तक्त्यात हे लोक रोमन कॅथलिकांतून वजा झाले. त्यांना विचारलं असतं तर आपण धर्म सोडला असं त्यांच्यातला कोणी म्हणाला असता, असं मला वाटत नाही.

प्रॉटेस्टंट स्थलांतरितांचा तपशील इतक्या जोमाने कोणी शोधला नाही, कारण त्यांच्या हरवण्याची तक्रार घेऊन जायला एक रोम नव्हतं. स्वीडनमधून आलेल्यांपैकी थोडेच जण स्वीडिश लुथरन मंडळ्यांत नोंदले गेले. उरलेले दुसऱ्या पंथांत गेले किंवा कुठेच गेले नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणं संशयास्पद ठरलं. मिसुरीच्या लुथरन सिनडने १९१७ मध्ये आपल्या नावातला जर्मन हा शब्द काढला, आणि पुढे मंडळ्यामंडळ्यांतून उपासना इंग्रजीत आली. भाषा गेली की पुढच्या पिढीला लुथरन राहण्याचं एक कारण कमी झालं.

मग बोटी थांबल्या. १९२४ च्या कायद्याने युरोपातल्या देशांचे कोटे आवळले, तेही १८९० च्या जनगणनेवर, म्हणजे इटली-पोलंडची लाट येण्याआधीच्या वस्तीवर. इटलीचा वार्षिक कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. यानंतरची चाळीस वर्षं इतिहासलेखकाच्या उपयोगाची आहेत, कारण कॅथलिकांचा आकडा पूर्वीसारखा बाहेरून भरला जात नव्हता.

त्या काळाचा उत्तम कागद १९५७ चा आहे. मार्चमध्ये जनगणना खात्याने सुमारे ३५,००० घरांत जाऊन चौदा वर्षांवरच्या माणसांचा धर्म विचारला. उत्तर देणं ऐच्छिक होतं. प्रॉटेस्टंट ६६.२ टक्के, रोमन कॅथलिक २५.७, ज्यू ३.२, धर्म नाही म्हणणारे अवघे २.७. उत्तर न देणारे एक टक्काही नव्हते. १९६० च्या जनगणनेत हा प्रश्न घालायचा विचार होता. त्याला विरोध झाला, आणि युरोपातल्या धर्मवार याद्यांचं पुढे काय झालं हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या ज्यू संघटना त्यात पुढे होत्या. त्यांची भीती मला रास्त वाटते. १९५७ च्या अखेरीस प्रश्न मागे घेतला गेला. १९५८ च्या फेब्रुवारीत एक छोटा अहवाल छापला, बाकीचे तक्ते खात्यातच राहिले. माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यावर १९६७ मध्ये ते बाहेर आले. १९७६ मध्ये धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही असं कायद्यातच लिहिलं गेलं. तेव्हापासून हा इतिहास खासगी पाहण्यांच्या आधारे लिहावा लागतो.

प्यूने २००७ मध्ये मोठी पाहणी केली, ३५,००० प्रौढांची. कॅथलिक २३.९ टक्के. पन्नास वर्षांपूर्वीच्या २५.७ शेजारी ठेवलं तर काही घडलंच नाही असं वाटतं. या वेळी मात्र बालपणीचा धर्मही विचारला होता, आणि त्या एका जादा प्रश्नाने सगळं चित्र उघडं पडलं. कॅथलिक म्हणून वाढलेले ३१.४ टक्के. त्यांतले १०.१ बाहेर पडलेले. बाहेरून आलेले २.६. म्हणजे तीनांतल्या एकाने चर्च सोडलं होतं. त्यांतले साधारण निम्मे प्रॉटेस्टंट झाले, निम्मे कशातच राहिले नाहीत. तरी एकूण आकडा फारसा घसरला नव्हता, कारण १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली होती आणि मेक्सिको, मध्य अमेरिका, फिलिपाइन्स, व्हिएतनाम इथून माणसं येत होती. अमेरिकेत जन्मलेल्यांत प्रॉटेस्टंट ५५ टक्के, कॅथलिक २१. बाहेर जन्मलेल्यांत कॅथलिक ४६, प्रॉटेस्टंट २४. विहिरीतून पाणी उपसलं जात होतं आणि झरा तितकंच भरत होता. काठावरून पाहणाऱ्याला पातळी तीच दिसत होती.

पुढे झराही कमी पडला. २०१४ मध्ये कॅथलिक २०.८ टक्के, २०२३-२४ मध्ये १९. एका नव्या कॅथलिकामागे बाहेर पडणारे २०१४ मध्ये साडेसहा होते, २०२३-२४ मध्ये ८.४. प्रॉटेस्टंटांची गळती त्या मानाने सौम्य, एकामागे १.८, पण त्यांना बाहेरून भर घालणाराही कमी, त्यामुळे ते ५१.३ वरून ४० वर उतरले. कशातच नाही म्हणणारे २९ टक्के झाले. लॅटिन अमेरिकन मुळाच्या लोकांत २०१० मध्ये ६७ टक्के कॅथलिक होते, २०२२ मध्ये ४३. त्यांतही बाहेर जन्मलेल्यांत ५२, अमेरिकेत जन्मलेल्यांत ३६.

शेवटच्या दोन आकड्यांपाशी मी थांबतो, कारण काहेन्सली आणि शॉनेसी दोघांचाही प्रश्न इथे उलटतो. दोघे स्थलांतरिताबद्दल विचारत होते. बोटीतून किंवा विमानातून उतरलेला माणूस पुष्कळदा राखतो, नव्या गावात तर जास्तच घट्ट धरतो. सोडतं ते त्याचं मूल. शॉनेसींच्या जमाखर्चात मुलांसाठी वेगळा रकाना नव्हता. ती जन्म-मृत्यूच्या वाढीत, बापाच्याच धर्माखाली जमा झाली होती.

धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीचं असंच आहे. वसईच्या चर्चमध्ये असो की शिकागोच्या, तिची रीत एक आहे. मुलाचं नाव, आईबाप, धर्ममाता-धर्मपिता, तारीख, आणि बाजूला समास. त्या माणसाचं दृढीकरण कुठल्याही गावी झालं तरी त्याची खबर या मूळ वहीकडे येते आणि समासात लिहिली जाते. लग्न झालं की तेही. अमेरिकेत चर्च सोडणारा ते कोणाला कळवत नाही. तो यायचा थांबतो. वहीत त्याच्या नावापुढचा समास कोरा राहतो. तो मेला, दूर गेला, लग्नाशिवाय राहिला की दुसऱ्या मंडळीत गेला, हे त्या कोऱ्या जागेवरून ओळखता येत नाही, आणि वार्षिक बेरजेत त्याचं नाव धरलं गेलं की वगळलं गेलं, हे त्या वर्षी बेरीज करणाऱ्या धर्मगुरूलाच ठाऊक असतं.